समाजमाध्यमांतील मराठी संहिता आणि साहित्याभ्यासकाचा सहभाग : धावडा परिसराच्या निमित्ताने

१. प्रास्ताविक

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील धावडा हे गाव विद्यापीठीय ग्रंथालयांपासून दूर आहे. मराठी घेऊन पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या येथील विद्यार्थ्याला एखादी जुनी आवृत्ती पाहावयाची झाल्यास जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. परंतु त्याच विद्यार्थ्याच्या हातातील भ्रमणध्वनीवर दररोज मराठी मजकुराचा ओघ येत असतो. बाजारभाव, पावसाचे अंदाज, लग्नाची आमंत्रणे, भजनांच्या ध्वनिफिती, सुविचार, कविता, विनोद, अफवा असे त्याचे नानाविध स्वरूप असते. सप्टेंबर २०१६ नंतर भ्रमणध्वनीवरील आंतरजालसेवा स्वस्त झाली आणि हा ओघ खेड्यापाड्यांत पोहोचला. त्या अर्थाने ज्या गावात नियतकालिक येत नाही त्या गावातही आज मराठीचे लेखन आणि वाचन अखंड चालू आहे.

साहित्याचा अभ्यासक या ओघाकडे बहुधा दोन दृष्टींनी पाहतो. एक तर तो त्यास वाचनसंस्कृतीचा ऱ्हास मानून बाजूला सारतो, नाहीतर सामान्य माणसाप्रमाणे आलेला मजकूर पुढे धाडून मोकळा होतो. या दोन्ही दृष्टींत अभ्यासकाची म्हणून जी विशेष शक्ती असते ती उपयोगात येत नाही. समाजमाध्यमांशी आणि आंतरजालावरील मराठी समूहांशी साहित्याच्या अभ्यासकाने सार्थ संबंध कोणत्या प्रकारे ठेवावा, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी लागणारी साधने मराठीच्या अभ्यासपरंपरेत पूर्वीपासून उपलब्ध आहेत, असे येथील प्रतिपादन आहे.

२. पूर्वपीठिका : पत्रव्यवहार, टोपणनाव आणि वाचकसमूह

वाचकानेच लेखक व्हावे, एकाने लिहावे आणि दहांनी त्यावर उत्तरे धाडावीत, हा व्यवहार मराठीला नवा नाही. गोपाळ हरी देशमुख यांची ‘शतपत्रे’ १८४८ ते १८५० या काळात भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रात ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. पत्र हा त्या लेखनाचा आकार होता आणि समाजाला प्रश्न विचारणे हा हेतू. पुढे १८८५ मध्ये मराठी ग्रंथकार सभेचे निमंत्रण आले असता जोतीराव फुले यांनी धाडलेले उत्तर ‘ज्ञानोदया’त छापले गेले. सभेत कोणास स्थान आहे आणि कोणाचे दुःख तेथे मांडलेच जात नाही, हा त्या पत्राचा गाभा आहे. कोणत्याही वाचक-लेखक समूहाला तोच प्रश्न आजही विचारावा लागेल.

खेड्यातून पत्र चालवण्याचे उदाहरण म्हणून मुकुंदराव पाटील यांच्या ‘दीनमित्र’चा उल्लेख अपरिहार्य आहे. १९१० पासून अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील सोमठाणे आणि नंतर तरवडी या लहान गावांतून हे साप्ताहिक निघत राहिले. मुद्रणाची साधने शहरात एकवटलेली असतानाही खेडे हे विचाराच्या प्रसाराचे केंद्र होऊ शकते, हे त्याने दाखवून दिले. मराठवाड्यापुरते पाहिले तर गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून नवे लेखक घडवले आणि लेखक-वाचक मेळाव्यांची प्रथा रुजवली. नियतकालिकाभोवती समूह उभा राहिला आणि त्या समूहातून साहित्य उभे राहिले.

आंतरजालावरील पहिल्या मराठी समूहांची घडण याच परंपरेशी नाते सांगते. ‘मायबोली’ हे संकेतस्थळ १६ सप्टेंबर १९९६ रोजी, गणेशचतुर्थीच्या दिवशी सुरू झाले. आरंभीचा त्याचा वाचकवर्ग मुख्यतः परदेशस्थ मराठी कुटुंबांचा होता. २००४ मध्ये ‘मनोगत’, २००७ मध्ये ‘उपक्रम’ व ‘मिसळपाव’ आणि २०११ मध्ये ‘ऐसी अक्षरे’ ही संकेतस्थळे पुढे आली. या स्थळांनी मराठीला दिलेली एक देणगी परिभाषेची आहे. ‘धागा’, ‘दुवा’, ‘प्रतिसाद’, ‘सदस्यनाम’, ‘आंतरजाल’ हे शब्द आज सर्रास वापरले जातात. कोणत्याही शासकीय समितीच्या ठरावावाचून ते लेखनव्यवहारात रुळले. त्यांपैकी ‘धागा’ आणि ‘दुवा’ हे तर घरातलेच शब्द. त्यांना नवा अर्थ लाभला, एवढेच. शब्दसिद्धी शिकवणाऱ्या अध्यापकास याहून जिवंत उदाहरण क्वचितच सापडेल. ‘मनोगत’वर शुद्धिचिकित्सकाची सोय होती, ही बाबही लक्षणीय आहे. शुद्धलेखनाची चिंता तेथे वाचकांनीच वाहिली होती.

टोपणनावाविषयी एक भेद मात्र नोंदवला पाहिजे. ‘लोकहितवादी’ किंवा ‘गोविंदाग्रज’ या नावांमागे एक सलग लेखकव्यक्ती उभी असते. मराठी संकेतस्थळांवरील सदस्यनामालाही बहुधा असे सातत्य असते. त्या नावाखालचे पूर्वीचे लेखन वाचता येते आणि त्याला जाब विचारता येतो. भ्रमणध्वनीवरून पुढे धाडल्या जाणाऱ्या मजकुराला मात्र नावच नसते, किंवा असते ते दुसऱ्याचे. खरी अडचण येथून सुरू होते.

३. अग्रेषित मजकूर आणि पाठचिकित्सा

पुढे पुढे धाडला जाणारा, म्हणजे अग्रेषित मजकूर मुद्रित ग्रंथापेक्षा हस्तलिखिताच्या आणि मौखिक परंपरेच्या अधिक जवळचा आहे. मुद्रित आवृत्तीस प्रकाशक, सन आणि स्थळ असते. हस्तलिखित नकलाकाराच्या हातून दुसऱ्या नकलाकाराकडे जाते आणि प्रत्येक हात त्यात काही मिळवतो किंवा गाळतो. अग्रेषित कवितेचेही तेच होते. कोणी शेवटचे कडवे जोडतो, कोणी कवीचे नाव काढून टाकतो, कोणी कुसुमाग्रज, पु. ल. देशपांडे किंवा व. पु. काळे यांचे नाव खाली घालतो. थोर नावाखाली मजकूर दूर जातो, हे त्यामागील कारण.

मराठीला ही प्रवृत्ती शतकानुशतके परिचित आहे. संत नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा या नंतरच्या कवीची पदे मिसळली आणि ती वेगळी काढण्यात संशोधकांच्या पिढ्या खर्ची पडल्या. ज्ञानेश्वरीच्या प्रतींतही कालौघात अपपाठ शिरले. पैठणच्या एकनाथ महाराजांनी शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये त्या संहितेचे शुद्धीकरण केले आणि तीत कोणी आपली ओवी घालू नये, असा इशारा अखेरीस दिला. मराठवाड्याच्या भूमीवर चार शतकांपूर्वी झालेले हे कार्य पाठचिकित्सेच्या इतिहासातील एक मोठा टप्पा होय. आपल्याकडे आलेली प्रत खरी आहे काय, हा त्यामागील प्रश्न भ्रमणध्वनीच्या पडद्यालाही तितकाच लागू पडतो.

पदव्युत्तर वर्गात पाठचिकित्सा हा विषय बहुधा कंटाळवाणा ठरतो, कारण हस्तलिखिते विद्यार्थ्यांसमोर नसतात. अग्रेषित मजकूर हे त्यावर उत्तम साधन आहे. पुढील क्रमाने एखादा वर्ग हे काम करू शकेल.

(अ) एकाच कवितेची किंवा परिच्छेदाची वेगवेगळ्या समूहांत आलेली चार-पाच रूपे मिळवावीत. प्रत्येक रूपाची तारीख आणि ते कोणत्या प्रकारच्या समूहात आले (नातेवाईक, शेतकरी, माजी विद्यार्थी) याची नोंद करावी. व्यक्तींची नावे व दूरध्वनी क्रमांक नोंदीत घेऊ नयेत.

(आ) रूपांतील भेद समोरासमोर मांडावेत. गळालेले शब्द, जोडलेल्या ओळी, बदललेली क्रियापदे आणि शेवटी दिलेले नाव हे स्वतंत्र रकाने असावेत.

(इ) ज्या लेखकाचे नाव दिले आहे त्याच्या मुद्रित संग्रहांत मजकुराचा शोध घ्यावा. संग्रहाची आवृत्ती आणि पृष्ठ मिळाले तरच लेखकत्व सिद्ध मानावे. आंतरजालावर शंभर ठिकाणी तेच नाव आढळणे हा पुरावा नव्हे, कारण शंभर प्रती एकाच चुकीच्या प्रतीवरून झालेल्या असू शकतात. हस्तलिखितांच्या कुलवृक्षाचा विचार करणाऱ्यास हे वेगळे सांगावयास नको.

(ई) निष्कर्ष तीन श्रेणींत मांडावा : सिद्ध, संशयित, निराधार. ‘संशयित’ ही श्रेणी प्रामाणिकपणे वापरणे हीच या अभ्यासाची खरी कसोटी होय.

(उ) अखेरीस निष्कर्ष मूळ समूहाकडे परत न्यावा. ही पायरी बहुधा गाळली जाते. ती गाळल्यास अभ्यास कागदावर राहतो आणि चुकीचा मजकूर फिरत राहतो.

या शेवटच्या पायरीस भाषेचे भान लागते. गावातील समूहात वडीलधारी माणसे, गुरुजी, नात्यातील काका-मामा असतात. एखाद्या विद्यार्थ्याने चारचौघांत ‘हे खोटे आहे’ असे लिहिल्यास मजकुराचा प्रश्न बाजूला पडतो आणि मानापमानाचा उभा राहतो. तेच त्याने ज्येष्ठांना वेगळे लिहून ‘काका, ही कविता त्यांच्या संग्रहात मिळाली नाही. मूळ कवीचे नाव कळले तर बरे होईल’ असे कळवले तर काका स्वतःच दुरुस्ती करतात, आणि ती दुरुस्ती विद्यार्थ्याच्या शब्दापेक्षा अधिक मानली जाते. संवादाची ही रीत ग्रामीण समाजाने पूर्वीपासून जपलेली आहे. नव्या माध्यमात ती सोडण्याचे कारण नाही.

४. अफवा आणि कथनकाराचा मृत्यू

लेखकत्वाची चूक ही साहित्याची हानी झाली. निनावी मजकुराने जीवही जातो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळवणाऱ्या टोळीच्या संशयावरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांची हत्या केली. त्या काळात अशा टोळ्यांविषयीचे संदेश आणि चित्रफिती भ्रमणध्वनींवरून सर्वत्र पसरल्या होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार पुढे धाडलेल्या मजकुरासाठी ती एका ठिकाणापुरती आणली गेली.

या घटनेचा विचार कायदा व सुव्यवस्थेच्या अंगाने पुष्कळ झाला. साहित्याच्या अभ्यासकासाठी तिचा आणखी एक अर्थ आहे. नाथपंथी डवरी गोसावी हा गावोगाव फिरून भिक्षा मागणारा भटका समाज आहे. अशा भटक्या समाजांनीच कथा, गीते आणि देवदेवतांची आख्याने एका गावातून दुसऱ्या गावी नेली. लोकसाहित्याच्या वर्गात आपण त्यांना परंपरेचे वाहक म्हणतो. ज्यांच्या मुखातून गोष्ट गावोगाव जात असे, त्यांनाच चेहरा नसलेल्या एका गोष्टीने अनोळखी आणि संशयास्पद ठरवले. पूर्वी गोष्टीबरोबर गोष्ट सांगणारा माणूस दारात उभा राही. त्याचे गाव, कुळ, देव विचारता येत असे. अग्रेषित संदेशात हे विचारण्याची सोयच उरत नाही. म्हणून आलेल्या गोष्टीला ‘ही कोण सांगतो, कोठून आली, केव्हाची आहे’ हे तीन प्रश्न विचारण्याची सवय लावणे हे आज भाषेच्या अध्यापकाचे काम आहे. लोकसाहित्याच्या संकलकाकडून आपण हेच तीन तपशील अपेक्षितो.

५. नाव, गाव आणि तारीख : संकलनाचा एक आदर्श

हे तीन तपशील जपले असता आंतरजाल किती उपकारक ठरते, याचे उदाहरण जात्यावरील ओव्यांच्या संकलनात मिळते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील हजारांहून अधिक गावांत फिरून स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या टप्प्याटप्प्याने येत आहेत. ओवीबरोबर गाणाऱ्या स्त्रीचे नाव आणि गाव दिले जाते, अनेक ठिकाणी तिचा आवाजही ऐकता येतो. लोकसाहित्याच्या जुन्या संग्रहांत ‘एक बाई म्हणाली’ एवढ्यावर भागवलेले असे. येथे मात्र गाणारी ही कवयित्री म्हणून नोंदली जाते.

नावाची ही नोंद या परिसराला परकी नाही. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूत येथील स्तूपांवरील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांची नोंद आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी दूरच्या स्तूपाला दान देणाऱ्याला आपले नाव आणि गाव दगडावर राहावे असे वाटले. त्याच भूमीतील ओवी, म्हण किंवा कविता आज निनावी फिरत असेल, तर ती सांगणाऱ्याच्या संमतीने नावागावासह नोंदवणे हे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते. बहिणाबाई चौधरींची गाणी सोपानदेवांनी आणि आप्तांनी वेळीच टिपून ठेवली नसती तर १९५२ मधील संग्रह निघालाच नसता, हे खानदेशचे उदाहरण तर अजिंठ्याच्या डोंगरापलीकडचेच आहे.

६. बोलीची नोंद

भोकरदन तालुका बुलढाणा जिल्ह्याला लागून आहे आणि अजिंठ्याच्या रांगांपलीकडे खानदेश सुरू होतो. भाषेच्या दृष्टीने हा सीमेचा पट्टा आहे. मराठवाड्याच्या दक्षिण भागात ‘तो करायलाय’ असे ऐकू येते, तर वऱ्हाडात ‘करून राह्यला’. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात कोणते रूप कोणत्या पिढीच्या तोंडी आहे, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक खंड १९०५ मध्ये निघाला. अलीकडे डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठी बोलींचे सर्वेक्षण हाती घेऊन ध्वनिमुद्रित नमुने आंतरजालावर ठेवले आहेत. परंतु कोणतेही सर्वेक्षण प्रत्येक गावी पोहोचू शकत नाही.

समाजमाध्यमांवरील लेखनात बोली प्रथमच मोठ्या प्रमाणावर लिपिबद्ध होत आहे. शाळेत प्रमाण मराठी लिहिणारा तरुण मित्रांच्या समूहात ‘काय करू राह्यला’ असेच लिहितो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. तो प्राचीनतेच्या पुराव्यांवर मिळाला. वर्तमान बोलींचा पुरावा मात्र या क्षणिक संदेशांत विखुरलेला आहे आणि भ्रमणध्वनी बदलला की तो नष्ट होतो.

येथे नीतीचा प्रश्न येतो. मित्रांच्या किंवा नातलगांच्या समूहातील लेखन हे खाजगी पत्रासारखे असते. ते शोधनिबंधात घ्यावयाचे तर लिहिणाऱ्याची संमती हवी, आणि संमती मिळाली तरी ओळख पटेल असे तपशील वगळावे लागतात. सर्वांसाठी खुल्या असलेल्या संकेतस्थळावरील लेखन उद्धृत करताना सदस्यनाम आणि तारीख द्यावी. ही मर्यादा पाळली नाही तर ज्या गावाने आपली भाषा उघड केली त्याचाच विश्वासघात होईल.

७. ज्ञानकोशीय सहभाग आणि त्याच्या मर्यादा

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत मराठी ज्ञानकोशाचे खंड सिद्ध केले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली विश्वकोशाची उभारणी झाली. हे दोन्ही आज आंतरजालावर वाचता येतात. १ मे २००३ पासून सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात तर कोणीही लिहू शकतो. परंतु तेथील असंख्य गावांवरील लेख उघडले की एकाच साच्यातील दोन-चार वाक्ये आढळतात. ‘भौगोलिक स्थान’, ‘हवामान’, ‘लोकजीवन’ ही शीर्षके आहेत आणि त्यांखाली गावाचे असे काही नाही. खेड्याची रिकामी चौकट तेवढी उभी आहे.

ती भरण्याचा उत्साह योग्य असला तरी विकिपीडियाचा एक दंडक समजून घेणे अगत्याचे आहे. तेथे स्वतःचे मूळ संशोधन मांडता येत नाही. प्रत्येक विधानास प्रकाशित आधार लागतो. गावातील आजीने सांगितलेली कथा, ती कितीही मोलाची असली तरी, तेथे थेट देता येत नाही. यावरील उपाय विद्यापीठीय विभागांच्याच हाती आहे. विद्यार्थ्यांनी केलेली गावपातळीवरील संकलने तपासून विभागाच्या शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाली, तर त्यांना आधाराचा दर्जा मिळतो आणि मग त्यांच्या आधारे ज्ञानकोशात नोंद करता येते. प्रत्येक महाविद्यालयात मराठीचे प्रकल्प लिहिले जातात, कपाटात जातात आणि काही वर्षांनी रद्दीत निघतात. त्यांतील निवडक दहा पाने दरवर्षी छापली गेली तरी तालुक्याचे चित्र पालटेल.

‘विकिस्रोत’ हे दुसरे क्षेत्र. भारतीय प्रताधिकार कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील अधिकार संपतो. अशा ग्रंथांची पृष्ठचित्रे समोर ठेवून अक्षरशः टंकलेखन आणि मुद्रितशोधन करणे हे काम तेथे चालते. लक्ष्मीबाई टिळकांचे (मृत्यू १९३६) लेखन या दृष्टीने मुक्त आहे. जुन्या मुद्रितातील अनुस्वार, जोडाक्षरे आणि विरामचिन्हे जशीच्या तशी उतरवताना एकोणिसाव्या-विसाव्या शतकातील लेखनपद्धतीचा परिचय होतो तो कोणत्याही टिपणवहीतून होणार नाही. धावड्यासारख्या गावातील विद्यार्थी हे काम घरी बसून करू शकतो आणि त्याने शुद्ध केलेली संहिता शहरातील संशोधक वापरू शकतो. ग्रंथालयापासूनचे अंतर येथे उलट्या दिशेने कमी होते.

८. समारोप

समाजमाध्यमांविषयी दोन आक्षेप नेहमी घेतले जातात : तेथील वाचन तुटक असते आणि वेळ वाया जातो. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. अग्रेषित तुकड्यांवर पोसलेला वाचक कादंबरीच्या दीर्घ लयीला कंटाळतो, हा अनुभव अध्यापकांना येतो. परंतु तुकडा हातात आल्यावर तो कोणत्या ग्रंथातील, ही जिज्ञासा जागवता आली तर तोच तुकडा ग्रंथाकडे नेणारी वाट ठरतो. ती जिज्ञासा कोणत्याही यंत्रणेतून आपोआप निर्माण होत नाही. ती शिकवावी लागते.

वरील विवेचनातून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. अग्रेषित मजकुराचे स्वरूप हस्तलिखित-मौखिक परंपरेशी मिळतेजुळते असल्याने पाठचिकित्सा आणि लोकसाहित्याची संकलनपद्धती ही त्याच्या अभ्यासाची योग्य साधने आहेत. सांगणारा, स्थळ आणि काळ यांची नोंद हा केवळ शास्त्रीय शिस्तीचा भाग नसून निनावी गोष्टीच्या हिंसेपासून माणसांना वाचवणारा संस्कार आहे. बोलीचे लिखित रूप प्रथमच विपुल प्रमाणात उपलब्ध होत आहे, तथापि त्याचा उपयोग संमतीनेच करावयास हवा. आणि गाव व ज्ञानकोश यांच्यामधला जो दुवा आज तुटलेला आहे, तो जोडण्याचे स्थान विद्यापीठीय विभाग व त्यांची शोधपत्रिका हे आहे. या दृष्टीने पदव्युत्तर अभ्यासक्रमातील पाठचिकित्सेच्या घटकात एक प्रात्यक्षिक अग्रेषित मजकुरावर ठेवावे, आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडून वर्षाकाठी आपल्या गावातील एका तरी मौखिक संहितेची नावगावासह नोंद घ्यावी, अशी सूचना येथे करावीशी वाटते. त्यासाठी निधी लागत नाही. अध्यापकाने पहिली नोंद स्वतःच्या गावाची केली म्हणजे पुरे.